आमच्या साडूंची मुलाखत

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. चांगले इंजिनिअर, पण बाभुळगावच्या बसस्टँडजवळ संगणकाचं दुकान टाकून बसलेले. गावाला जाताना घराला कुलूप लावत आणि मग चोराच्या नजरेने घराभोवती एक फेरी मारत. कळंबला एका लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, त्यांनी वरबापाला बाजूला घेतलं. "आहेराच्या खोलीले समोरून कुलूप हाये, पन मांगची खिडकी सताड उघडी हाये ना!" एकदा तर आवाज बदलून, बँकेचे साहेब होऊन, त्यांनी बायकोलाच फोन लावून खात्याचा पासवर्ड विचारला. ती म्हणाली, "साहेब, येतानी भाजीत टाकाले सांभाराची जुडी घेऊन या."

कापसाचे वाईट दिवस होते ते. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत आणि शेतकऱ्यांची नोंदणी आमच्या कंपनीने केलेल्या वेबसाइटवर होई. तिच्या सुरक्षेसाठी माणूस हवा होता. साडूंनी अर्ज केला. मुलाखत घ्यायला मी आणि आणखी दोघे. मी कागदावरून व्याख्या विचारत गेलो, साडू घामाघूम होत गेले. शेवटी म्हणाले, "व्याख्या मले नाही येत. पन तुमच्या वेबसाइटवर, वरच्या पत्त्यातला आकडा बदलला का दुसऱ्याचा सातबारा दिसून राह्यला." बाजूचे दोघे हसले. हा माझा साडू, याचीच मला लाज वाटत होती, मीही हसलो. "कळवतो," म्हणालो. त्यांचं वाक्य लिहूनसुद्धा घेतलं नाही. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या एकाला नेमलं.

महिन्याभरात बाभुळगावकडची एक बाई गाडीभर कापूस घेऊन केंद्रावर आली. "तुमच्या नावावरचा कापूस तर विकून झाला," तिला सांगण्यात आलं. कुणीतरी आमच्या वेबसाइटवरून तिचे कागद उचलून स्वतःचा माल खपवला होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी साडूंकडे गेलो. ते त्याच बाईचा तक्रारअर्ज लिहीत होते. मी सगळं कबूल केलं. मान वर न करता ते म्हणाले, "मले कायले सांगता? तुमच्या साहेबाले सांगा."

सांगितलं. वेबसाइट दुरुस्त झाली, बाईचा कापूसही घेतला गेला. आता मुलाखतीत मी व्याख्या विचारत नाही. मुद्दाम बिघडवलेली वेबसाइट समोर ठेवतो आणि ऐकत बसतो. साडूंनाही पुन्हा बोलावलं. "मी पास होतो हे तुम्हाले आधीच माहीत हाये," ते म्हणाले, "मंग ते मुलाखत कायची?" आले नाहीत.

अजूनही येतात आमच्याकडे. जेवतात, पोरांना हसवतात. फक्त माझ्या ऑफिसचा विषय काढत नाहीत. एकदा तरी काढावा, असं फार वाटतं.