भिडेखातर अकरा मैल

माझ्या हातून आयुष्यात एकच साहस घडलं आणि तेही नाही म्हणता आलं नाही म्हणून. अलास्कातल्या जंगलातून पाच दिवस चाललेल्या मोटारींच्या रॅलीत मी भाग घेतला होता. हे एवढंच वाक्य सांगितलं की लोक माझ्याकडे जरा आदराने बघतात, त्यामुळे पुढचं मी सहसा सांगत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावातल्या एका कंपनीत मी इंजिनिअर होतो. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला गेली होती. डिसेंबरात मुलगी झाली. रिवाजाप्रमाणे बारशाला बापाने असायला हवं होतं, पण माझ्या पासपोर्टावरचा व्हिसा संपला होता. अमेरिकेत राहायला त्याने काही अडत नव्हतं. मात्र एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत येण्यासाठी मुंबईच्या वकिलातीचा नवा शिक्का हवा, आणि शिक्क्यासाठी ‘हा माणूस आम्हाला हवा आहे’ असं कंपनीचं पत्र. पत्र तयार होतं. त्यावर फक्त माझ्या साहेबांची सही व्हायची होती. फेब्रुवारीत मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि वाट बघत बसलो.

साहेब पन्नाशीचे, सहा फूट उंच, मोठ्याने हसणारे. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. बापाच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नसे. मी ‘सर’ म्हणायचो आणि ते दर वेळी मागे वळून बघायचे, की आणखी कोणी मोठा माणूस आलाय की काय.

मार्च गेला, एप्रिल गेला. साताऱ्याहून निळी एअरमेल पत्रं येत. मुलगी आता कूस बदलते. मुलगी पालथी पडते. मुलगी बसते, पण मध्येच कलंडते. महिन्यातून एकदा मी सासऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचो. बायको धावत यायची आणि धापा टाकतच विचारायची, “झाली का हो सही?” मी म्हणायचो, “होईल.” आमच्या वाट्याच्या तीन मिनिटांतलं एक मिनिट यातच जायचं.

माझ्याबरोबर राहणारा नागपूरचा मित्र वैतागायचा. “अरे यार, डायरेक्ट विचार ना! अपॉइंटमेंट घे, आत जा, आस्क हिम!”

“बरं दिसत नाही रे,” मी म्हणायचो. “त्यांना माहीत आहे. त्यांच्या सवडीने करतील.”

“आणि नाही केली तर?”

पण मोठ्या माणसाकडे स्वतःच्या कामासाठी तगादा लावायचा नाही, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. आमच्या घरी या गुणाला भिडस्तपणा म्हणत आणि पाहुण्यांना तो कौतुकाने सांगत. “आमचा मुलगा फार भिडस्त आहे हो, भूक लागली तरी सांगायचा नाही.” मी भुकेला राहायचो आणि पाहुणे खूष व्हायचे.

जूनमध्ये एकदा साहेब कॉफीच्या मशीनपाशी भेटले. “तू आकडेमोडीत पक्का आहेस. जुलैत रॅलीला माझा नॅव्हिगेटर म्हणून येशील?” मला चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं. मला जंगलाची आवड नाही. मोटार या विषयात मला फक्त ती वेळेवर सुरू व्हावी एवढाच रस आहे. मी म्हणालो, “आनंदाने, सर.” मनात आलं, पाच दिवस शेजारी बसल्यावर माणसाला शेजाऱ्याची सही नक्कीच आठवेल. एक बारीकशी आशा होती, की रस्ता कॅनडातून जात असला तर व्हिसाचं कारण पुढे करून सुटता येईल. पण साहेबांनी गाडी आधीच बोटीने पाठवली होती, आम्ही विमानाने जाणार होतो आणि मार्ग सगळाच्या सगळा अलास्कातच होता.

ही रॅली म्हणजे शर्यत नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कोणी कोणाच्या पुढे जायचं नव्हतं. हातात एक वही देत. अमुक मैलापर्यंत ताशी चाळीसच्या वेगाने जा, अमुक पाटीनंतर चोवीसने, अमुक ओंडक्याच्या पुलाअलीकडे डावीकडे वळा. मध्येच कुठेतरी झाडीमागे पंच घड्याळ घेऊन बसलेले. त्यांच्यासमोरून ठरल्या सेकंदाला जायचं. एक सेकंद उशीर झाला तर एक गुण वजा, एक सेकंद लवकर गेलात तरी एक गुण वजा. म्हणजे हजार मैल धूळ खायची ती लवकर पोचू नये म्हणून. वाट बघण्यात मी पाच महिने घालवले होते, तेव्हा हा खेळ माझ्यासाठीच काढला असावा असं मला वाटलं.

गाडी साहेब चालवणार. मी वही वाचायची, स्टॉपवॉच बघायचं आणि वेग कमी करा की वाढवा ते सांगायचं. बाकीच्यांकडे कॅल्क्युलेटर होते. आमचाही होता, पण पहिल्याच दिवशी खडीच्या रस्त्यावर उसळून तो सीटखाली गेला आणि त्यातला आकडा दिसेना. तेव्हा मला माझ्या आजोबांच्या पाढ्यांची आठवण झाली. ताशी चाळीस मैल म्हणजे मैलाला दीड मिनिट, म्हणजे दीडकी. अठ्ठेचाळीस म्हणजे सवायकी. चोवीस म्हणजे अडीचकी. लहानपणी दिवेलागणीला छडीच्या धाकाने घोकलेली ही अपूर्णांकांची माळ अलास्कात उपयोगी पडेल, असं आजोबांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्यालाही छडी मारली असती. मी डोळे मिटून पुटपुटायचो, “सात दीडं साडेदहा,” आणि लगेच इंग्रजीत सांगायचो, “साडेदहा मिनिटं, सर.” डोळे मिटल्यामुळे मळमळणंही थांबलं. साहेबांना वाटलं मी मंत्र म्हणतोय. दुसऱ्या संध्याकाळी बावीस गाड्यांत आम्ही तिसरे होतो. साहेब जेवताना सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते आणि मी मनात म्हणत होतो, आता आठवेल, आता आठवेल.

पहिल्या नंबरावर एक निवृत्त जोडपं होतं. बाई वही वाचायच्या आणि दिवसभर नवऱ्यावर खेकसायच्या. “हळू! हळू म्हटलं ना! डोळे आहेत की बटणं?” नवरा निमूट ऐकायचा. मला त्या बाईंची लाज वाटायची. चारचौघांत नवऱ्याला असं बोलायचं!

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेअरबँक्स शहर मागे टाकून आत शिरलो. दोन्ही बाजूंना बुटकी काळी झाडं, मध्ये खडीचा रस्ता, बाकी काही नाही. वहीत लिहिलं होतं, एकतिसाव्या मैलाला डावीकडे वळा. सत्ताविसाव्या मैलालाच डावीकडे एक फाटा दिसला. साहेब म्हणाले, “हा आला आपला फाटा,” आणि त्यांनी गाडी वळवली.

तो आपला फाटा नव्हता. वही माझ्या मांडीवर होती, मीटर माझ्या समोर होता आणि चार मैलांचा फरक पहिलीतल्या पोरालाही कळला असता. मी तोंड उघडलं. मग मला वाटलं, साहेब दरवर्षी इकडे मासे पकडायला येतात, त्यांना आडवाट ठाऊक असेल. मग वाटलं, त्यांचं त्यांनाच कळेल, आपण कशाला त्यांचा शब्द खाली पाडा. मग वाटलं, पत्रावर सही व्हायची आहे. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “चाळीसचा वेग, सर.”

त्यानंतरचे अकरा मैल मी आयुष्यातला सगळ्यात चोख हिशेब केला. प्रत्येक मैलाला वेळ सांगितली. एकदा “दोन सेकंद मागे आहोत” असंही बजावलं आणि साहेबांनी तत्परतेने वेग वाढवला. पुढे कुणाच्या गाडीची धूळ दिसत नव्हती. मागेही नव्हती. फांद्या दोन्ही बाजूंनी काचांवर घासू लागल्या. एका वळणावर एक प्रचंड मूस, म्हणजे तिकडचं घोड्याहून उंच हरीण, रस्त्यात उभं होतं. त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की इकडे आजवर कोणी आलं नव्हतं हे मला तिथेच कळलं. अकरा दीडं साडेसोळा. साडेसोळा मिनिटं मी गप्प होतो, म्हणजे मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलत होतो.

मग रस्ता संपला. समोर नदी होती, पूल कधीतरी वाहून गेला होता आणि काठावर सोन्याच्या खाणीतलं एक जुनं यंत्र गंजत पडलं होतं. साहेबांनी इंजिन बंद केलं.

“आपण वेळेवर आहोत?” त्यांनी विचारलं.

“एक सेकंद लवकर, सर.”

मग त्यांनी माझ्या मांडीवरची वही घेतली, पान वाचलं, मीटर पाहिला आणि हळूच विचारलं, “तुला कधी कळलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. वहीत छपाईची चूक आहे, मीटर बिघडलाय, काहीही. पण खोटं बोलायलाही धीटपणा लागतो. “वळतानाच, सर,” मी म्हणालो.

“मग बोलला का नाहीस?”

काय सांगणार? इंग्रजीत भिडेला मला शब्द सापडेना. ‘रिस्पेक्ट’ म्हटलं तर त्यांना वाटलं असतं मी थट्टा करतोय. साहेबांनी खिडकी खाली केली आणि अलास्कातले सगळे डास आत आले. ते मानेवर चापट्या मारत बसले आणि मी डास बसले तिथेच बसू दिले. मला फक्त एकच गोष्ट दिसत होती. सही गेली. मुलगी साताऱ्यात चालायला लागेल, बोलायला लागेल, शाळेत जाईल, आणि मी इथे फोटो जमवत बसेन. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं आणि जे पाच महिन्यांत जमलं नाही ते तोंडातून निघून गेलं. “सर, माझ्या पत्रावर सही कराल ना?”

“कसलं पत्र?”

मी सगळं सांगितलं. व्हिसा, वकिलात, बायको, मुलगी. ती आता सात महिन्यांची आहे आणि मी तिला पाहिलेलं नाही, हेही सांगितलं.

साहेबांची चापट हवेतच राहिली. “ते? ते मी त्याच दिवशी सही करून सेक्रेटरीकडे दिलं. फेब्रुवारीत. तू न्यायला आला नाहीस, तेव्हा मला वाटलं, तुला घरी जायची घाई नाही.”

मला आधी ते कळलंच नाही. मग हळूहळू हिशेब लागला. ज्या दिवशी ती पहिल्यांदा पालथी पडली त्या दिवशी पत्र तयार होतं. ती बसून कलंडली त्या दिवशी तयार होतं. माझ्या टेबलापासून चौदा पावलांवर, सेक्रेटरीच्या ट्रेमध्ये. मी रोज त्या सेक्रेटरीला गुड मॉर्निंग म्हणत होतो. मला स्वतःचा इतका राग आला, की मी गाडीतून उतरलो आणि नदीत एक दगड मारला. दगड पाण्यापर्यंत गेलाही नाही.

साहेब उतरून माझ्याजवळ आले. एवढा मोठ्याने हसणारा माणूस, पण अगदी हळू बोलत होता. “घरी जा. परत गेल्या गेल्या निघ. किती रजा हवी तुला?”

मला दोन महिने हवे होते. मुलीचा पासपोर्ट, तिचा आणि बायकोचा व्हिसा, हे सगळं उरकून दोघींना बरोबर घेऊन यायचं तर दोन महिने लागणारच होते, हे मला तोंडपाठ होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी मागितलं असतं तर मी त्यांना माझं मूत्रपिंडसुद्धा दिलं असतं.

“दोन आठवडे,” मी म्हणालो.

“एवढ्या लांब जाऊन दोनच आठवडे?”

“पुरेत, सर.”

रॅलीत आम्ही बाविसावे आलो. ऑगस्टात मी साताऱ्याला पोचलो. बायकोने मुलीला कडेवर घेऊन दार उघडलं, माझी बॅग बघितली आणि विचारलं, “एवढीशीच?” मी दोन आठवड्यांचं सांगितलं, त्यातलाही एक प्रवासात आणि मुंबईच्या वकिलातीत जाणार होता. तिने आत जाऊन चहा ठेवला. मुलगी मला पाहून रडली. सहा दिवस ती मला पाहिलं की रडायची. सातव्या दिवशी रांगत माझ्यापाशी आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि माझा चष्मा ओढला. आठव्या दिवशी पहाटे मला मुंबईची एस.टी. होती.