समोरच्या काकूंचा साठा

वाशीच्या आमच्या सोसायटीत समोरच्या काकू कायम संकटाच्या तयारीत असत. कडुलिंबाचा पाला घातलेले तांदळाचे डबे, डाळी, सुकट आणि तोंडाला फडकं बांधलेली पाण्याची पिंपं. पिंपात कुणी हात बुडवला की त्या किंचाळत, "ओगराळं घे!"

एकदा दुकानं बंद, नळ कोरडा, आणि गावाहून सात पाहुणे आमच्या दारात. घरात चहापुरतंही पाणी नव्हतं. बायको रडकुंडीला आली. काकूंनी न विचारता डबे उघडले आणि सगळ्यांना पोटभर जेवू घातलं.

मी आभार मानायला गेलो, तर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आभार कसले? अजून दोन दिवस ठेवून घे त्यांना. जुने तांदूळ संपल्याशिवाय मला नवे भरता येत नाहीत."