मोरीच्या तेलावर उडालेलं हेलिकॉप्टर

"बंद कर ता! बंद कर म्हणतंय ना, मेल्या! माझी सोलां गेली!"

आई खराटा उगारून अंगणात ओरडत होती आणि मी काही बंद करत नव्हतो. कसं बंद करायचं तेच मला ठाऊक नव्हतं. पाटाला बांधलेलं लिंबाएवढं इंजिन किंचाळत होतं. टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत ते किंचाळणारच होतं, आणि त्याच्या तोंडून उडणारं एरंडेल वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर बारीक तुषारांनी पडत होतं. त्या सोलांचं सार जे जे आमच्याकडे प्याले, ते दुसऱ्या दिवशी कामाला गेले नाहीत.

ही साठ-एकसष्टची गोष्ट. इंजिन आणलं होतं माझ्या बहिणीच्या नवऱ्याने. भावोजी परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनखात्यात होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून हलक्या लाकडाचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर आणलं. इंजिन वरच्या छोट्या पंख्याला एकीकडे फिरवी, त्याच्या धक्क्याने मोठी पाती उलटीकडे फिरत आणि ते वर चढे. मी तेव्हा बावीस वर्षांचा, धडधाकट आणि ठार बेकार. भावोजींनी मला समोर बसवलं.

"शुक्रवारी मी जातंय. त्याच्या आधी ह्यां उडवन दाखव. उडवलंस तर इंजिनखात्यात तुझ्यासाठी शब्द टाकतंय."

झालं. मी चार दिवस बूड टेकवलं नाही.

भावोजींनी एकदाच समजावलं. तीन वस्तू, सारख्या मापाने. ईथर पेट घेतं, रॉकेल जोर देतं, एरंडेल धातूला धातू घासू देत नाही. ईथरच्या बाटलीला बूच घट्ट, नाहीतर बाटलीत नुसता वास उरतो. डोक्यावरचा स्क्रू पिळला की आतला दाब वाढतो. बाजूची सुई उघडली की तेल जास्त जातं, धूर होतो, पण इंजिन थंड राहतं. सुई आवळली की ते जोरात किंचाळतं आणि तापतं. "नवीन इंजीन हा. सुई उघडीच ठेव."

मी मान डोलावली आणि सुई आवळली. किंचाळणं मला आवडायचं.

पंखा बोटाने झटकून इंजिन चालू करायचं. ते चालू झालं की आधी बोट फोडायचं. गुरुवारपर्यंत माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं चिंध्यांत होती. दवाखान्यातला कंपाउंडर ईथर देऊन देऊन स्वतःच पेंगू लागला होता. आणि बाजारातलं एरंडेल मी संपवलं. थेंबन् थेंब. त्या आठवड्यात आमच्या गावाचा कोठा साफ झाला नाही तो नाहीच.

गुरुवारी दुपारी बाटलीत ईथर, रॉकेल आणि एरंडेलाची नुसती आठवण. संध्याकाळी भावोजी किनाऱ्यावर बघायला येणार. मी वेड्यासारखा घर-अंगण करत होतो. शेजारचा तांडेल होडीला तेल चोळत बसला होता. मोरीच्या काळजाचं तेल; मोरी म्हणजे तोच तो शार्क. आमच्याकडे होडीचं लाकूड त्यावरच टिकतं.

"तेल होया मां?" तो म्हणाला. "ह्यां घे. माजी होडी ह्या तेलार इतकी वर्सां समुद्राक पुरान उरली. तुजा लिंबू काय आसा तिच्या म्होरे?"

मला पटलं. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं होतं, सगळी माणसं तिथेच. भावोजी हाताची घडी घालून उभे. मी शंभर वेळा पंखा झटकला, दोनशे म्हणा. आणि पेटलं! काळा धूर, कानठळ्या, हेलिकॉप्टर उडालं, माडांच्या वर गेलं. लोक ओरडले. मी तर मनातल्या मनात बोटीवर चढलोसुद्धा.

मग वास सुटला. जळक्या मोरीचा. घारी आल्या, आरोंद्यापासूनच्या सगळ्या असाव्यात. कावळे आले. एका घारीने हेलिकॉप्टरची शेपटी धरून पाहिली, चव घेतली, सोडली. इंजिनाचा आवाज बारीक होत गेला, आणि अचानक काहीच ऐकू येईना. हेलिकॉप्टर गिरक्या घेत तारल्यांच्या ढिगात पडलं आणि चार मांजरांनी त्याला वेढा घातला.

भावोजींनी ते उचललं. पंखा फिरवून पाहिला. हलला नाही. त्यांनी बोट टाकीच्या तोंडाला लावलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी एस.टी.त त्यांची ट्रंक माझ्या मांडीवर. मी मुद्दामच कसालपर्यंत सोडायला निघालो होतो. वाटेत तीनदा खाकरलो. कसालला ते मुंबईच्या गाडीत चढताना माझ्याने राहवेना.

"भावोजी, उडाला तर खरा. मगे माज्या कामाचा काय?"

"इंजिनात नाय," ते म्हणाले. "भटारखान्यात बघतंय."