टोपलं घेतलेल्या बाईचं चित्र

"मावशी, दोन्ही पंजे वर उचला आणि फक्त टाचांवर चार पावलं चाला," डॉक्टर म्हणाले.

उजवा पंजा वर आला. डावा आलाच नाही. मी खाली बघून त्याला मनातल्या मनात चांगलं झापलं, तरी तो फरशीला चिकटून राहिला. पट्‌ पट्‌ पाय आपटत मी टेबलापर्यंत गेले. मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत.

अकोल्याहून काढून आणलेला एमआरआय त्यांनी उजेडाच्या पाटीवर लावला. लंबर डिस्क प्रोलॅप्स, ते म्हणाले. म्हणजे असं, की कमरेच्या दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते. माझी एक गादी फाटून तिचा तुकडा बाहेर आला होता आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. नस दबली म्हणून पंजा लुळा पडला, त्याला फूट ड्रॉप म्हणतात. दुखणं औषधानं कमी होईल, पण नस जास्त दिवस दबून राहिली तर पंजा कायमचा जाईल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

मी वाशिम जिल्ह्यातल्या रिठदची. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, हंगामात गवार. बारावीपर्यंत शिकले, मग लग्न झालं. बोलते वऱ्हाडी, पण लिहिताना बाईंनी शाळेत शिकवलेलं आठवून लिहिते आहे. मधे कुठे घसरले तर चालवून घ्या. हे लिहिते ते अशा बायांसाठी, ज्या कंबर दुखली की "वात आहे" म्हणतात आणि पुन्हा निंदायला बसतात. मीही तेच म्हणत होते.

खरी सुरुवात चपलेनं झाली. एका संध्याकाळी वावरातून घरी आले तर माझी धाकटी जाऊ रुखमा दारातच हसायला लागली. "बाई, दुसरी चप्पल कोनाले दान देल्ली?" बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. बांधावर कुठेतरी सुटली होती आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आज विचार करते तेव्हा स्वतःचा राग येतो. पायातली चप्पल सुटते आणि पायाला कळत नाही, ही हसण्याची गोष्ट नव्हती. कुणाचं असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी तेल चोळलं, विटेचा शेक घेतला, पट्टा बांधला आणि तीन आठवडे घालवले.

डॉक्टरांचा दवाखाना वाशिमला, पण ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, इंझोरीचे. आई मजुरीला जायची, तिनं शिकवलं. मणक्याची ऑपरेशनं ते बरीच वर्षं करत होते, पण ती मोठी चीर देऊन. मग चाळिशी ओलांडल्यावर दवाखाना भावाच्या भरवशावर सोडून सहा महिने पुण्याला पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. एंडोस्कोपिक डिस्केक्टॉमी शिकले. बोटाच्या पेरापेक्षा लहान छिद्रातून दुर्बीण घालायची आणि नसेवर बसलेला तुकडा चिमट्यानं काढायचा. रोग्याला पूर्ण बेशुद्धही करत नाहीत. येत्या रविवारी त्यांच्याकडे सीएमई होती, म्हणजे डॉक्टरांची शाळाच म्हणा. हिंगोली, यवतमाळ, बुलढाण्याचे सर्जन येणार होते आणि त्यांना शिकवणारे पुण्याचे सरही. ऑपरेशन त्या दिवशी झालं तर बाजूच्या हॉलमधे पडद्यावर सगळे ते पाहतील, तुमची हरकत नाही ना, असं त्यांनी आम्हाला विचारलं. नाही म्हणालात तरी चालेल, पण मग नागपूरला आजच चिठ्ठी देतो, थांबू नका, असंही म्हणाले.

बाहेर आल्यावर आमचे हे भडकले. "आपुन नागपूरले जाऊ. हे आता शिकून राह्यले, अन् शिकाले तुहीच पाठ भेटली काय त्याईले?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावातही तीच चर्चा झाली. एकीनं तर मला प्रयोगाचा उंदीर ठरवून टाकलं.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले आणि तोंडावरच विचारलं की हे नवं ऑपरेशन तुम्ही एकट्यानं किती केलं.

"अकरा," ते म्हणाले. "खोटं नाई सांगत, मावशी. रविवारी सर माह्या बाजूले उभे राह्यतीन. माहा हात अडला तं त्याईचा हात तिथंच राहीन."

दुसरा कुणी असता तर हजार म्हणाला असता. अकरा म्हणणाऱ्या माणसाचं मला बरं वाटलं. आणि मी आयुष्यभर रोपं लावली आहेत. नवीन लावणारी बाई वाफ्यात जेवढी जपून बोटं घालते तेवढी मी आता घालत नाही. मी ह्यांना म्हटलं, पाय माझा आहे, मी इथंच करणार.

रविवारी सकाळी मला पालथं झोपवलं. पाठ बधिर केली, थोडी गुंगी दिली. पण कानाला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या तोंडाशी माइक होता आणि ते हॉलमधल्या लोकांना इंग्रजीत एकेक गोष्ट सांगत होते. मधेच "नर्व्ह, नर्व्ह" म्हणायचे, की माझा जीव वर. पाच मिनिटं ऐकलं, दहा मिनिटं ऐकलं. मग गुंगीत माझं तोंड सुटलं.

"अरे बापा, पाठ माही हाय. त्याईले इंग्रजीत सांगून राह्यला, तं मले कोन सांगीन?"

 मग बाजूच्या हॉलमधून एवढा हशा आला की भिंतीपलीकडून ऐकू आला. सिस्टर मला गप्प करायला लागली, पण पुण्याचे सर म्हणाले, बरोबर बोलल्या त्या. आणि पुढचं सगळं ऑपरेशन आमच्या डॉक्टरांनी वऱ्हाडीत सांगितलं. हिंगोलीच्यांनी, यवतमाळच्यांनी, सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

"मावशी, तुकडा दिसला. आता धरून राह्यलो. पायात करंट आला तं सांगजा."

करंट आला. मी ओरडले. त्यांनी हात थांबवला, चिमटा थोडा वळवला, आणि मग पायातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. तीन आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत जी आग होती ती विझली. मी तिथंच रडले. दुखलं म्हणून नाही हो, दुखायचं थांबलं म्हणून. "अंगठा उचला," सर म्हणाले. अंगठा उचलला नाही, पण हलला. गव्हाच्या दाण्याएवढा हलला असेल. डॉक्टर म्हणाले, नस जिवंत आहे, पंजा यायला महिने लागतील, पण धीर धरा.

पाठीवर एकच टाका. तो बघायला रुखमा चष्मा घालून आली होती.

आता माझी चूक सांगते. लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

घरी सोडताना एक कागद मिळाला. त्यावर चित्रं होती. पँट घातलेला एक माणूस कमरेत वाकून खालचं खोकं उचलतो आहे, त्याच्यावर लाल फुली. पिळा देऊन गाडीतून उतरतो आहे, फुली. मी तो कागद भिंतीला लावला आणि देवासारखा पाळला. वाकले नाही. खालची सुई उचलली नाही. पंजाचा व्यायाम दिवसातून तीनदा केला, पायात प्लास्टिकची पट्टी घालून फिरले. चौथ्या आठवड्यात वांगी तोडणीला आली आणि मजूर मिळेना. आमच्याकडे भरलेलं टोपलं कुणी एकटी उचलत नाही. दोघी उचलतात आणि तिसरीच्या डोक्यावर देतात. रुखमानं आणि शेजारणीनं टोपलं उचललं. मी ताठ उभी राहिले, कागदातल्या माणसासारखी वाकले नाही, आणि त्यांनी ते माझ्या डोक्यावर दिलं. पंधरा किलो तरी असेल. रस्त्यापर्यंत नेलं. अशा तीन खेपा केल्या आणि वर रुखमाला सांगितलं की पाहा, डॉक्टराचा एक शब्द मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायातली आग परत आली. पंजा जेवढा यायला लागला होता तेवढाही लुळा पडला. मी ह्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी गाडी काढली आणि मला वाशिमला नेलं.

डॉक्टरांनी परत एमआरआय काढायला लावला. तो येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नशीब की नवीन तुकडा आला नव्हता, नसेला सूज होती. मग त्यांनी विचारलं की काय केलं ते खरं सांगा. मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की तुमच्या कागदात जे लिहिलं ते सगळं पाळलं.

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता रागावतील. हळू आवाजात म्हणाले, "माही माय जिंदगीभर डोक्यावर भारे वाह्यली. अन् मले हे सुचलं नाई."

मग त्यांनी समजावलं, की डोक्यावरचं वजन सगळं मणक्यावरून खाली उतरतं आणि त्याच गादीवर बसतं. वाका की नका वाकू. तो कागद परदेशातला आहे आणि तसाच्या तसा छापून ते वाटत होते. रिठदमधे खोकी कोण उचलतं?

पुढचे तीन महिने टोपल्याला मी हात लावला नाही. पंजा आधी दाण्याएवढा, मग बोटभर, मग सगळा वर आला. ज्या दिवशी टाचांवर अंगण ओलांडलं त्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा करून दिला. ते चहा करत नाहीत.

वर्षानं डॉक्टरांचा फोन आला. परत सीएमई होती आणि मी यावं असं ते म्हणाले, पेशंट म्हणून नाही, बोलायला. मी नऊवारी काढली, मग ठेवली, मग परत काढली. हॉलमधे चाळीस-पन्नास सर्जन बसलेले. डॉक्टरांनी आधी पडद्यावर माझे दोन्ही एमआरआय दाखवले. मग दुसरा का काढावा लागला ते सांगितलं, आणि चूक त्यांची होती असं म्हणाले. एवढ्या लोकांसमोर. ते ऐकून मला माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त अभिमान वाटला.

मग माइक माझ्या हातात आला. पाय लटपटले, पण दोन्ही पाय लटपटले याचाही आनंद झाला.

मी म्हटलं, "तुमी नवी दुर्बीण शिकले, लय चांगलं केलं. माहा पाय तिच्यानंच वाचला. पन आमाले घरी पाठवाच्या आंधी एक विचारत जा: बाई, तू घरी जाऊन काय करतं?"

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते लिहून घेतलं. मग मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर टाचांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. पुण्याचे सर उभे राहिले, मग सगळेच उभे राहिले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आमचे हे मागच्या खुर्चीत उपरण्यानं डोळे पुसत होते आणि नंतर म्हणाले की एसीमुळं झालं.

आता त्या दवाखान्यात नवा कागद मिळतो. खोकंवाला माणूस आहेच, पण त्याच्या शेजारी लुगड्यातली एक बाई आहे, डोक्यावर टोपलं, दोन्ही बाजूंनी हात देणाऱ्या दोन बाया. तिच्यावर ठसठशीत लाल फुली. चित्र काढणाऱ्याला मी एकच सांगितलं होतं, की तिच्या दोन्ही पायांत चपला दाखव.

परवा तपासणीला गेले होते. बाकावर माझ्या शेजारी शिरपूरची एक बाई, आठच दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेली. ती हातातल्या कागदावरच्या त्या चित्राकडे बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, "डोक्यावरबी नाई? दुसरीनं उचलून देल्लं तरी?"

"तरी नाई," मी म्हटलं.

 सोमवारपासून सुनेनं टोपलं द्यायचं आणि तिनं न्यायचं असं घरी ठरलं होतं, म्हणाली. मग तिनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "पन हे असं कोन करते वं, ऑपरेशन झाल्यावर?"

"म्या केलतं," मी म्हटलं. "हे मीच हाय."