आसावरीचा रॅम्प

आमच्या बॉथेलला बर्फ म्हणजे घाईतला पाहुणा, चहाही न घेता निघून जातो. बाकी हिवाळाभर नुसती रिपरिप. अशा गावात आसावरी मागच्या अंगणात स्नोबोर्डसाठी रॅम्प बांधायला निघाली, तेव्हा मी तोंडावर विचारलं, ‘‘अगं, वेड लागलंय का तुला?’’ मी मालिनी, तिची शेजारीण. पुण्याची आहे, मनात ठेवून बोलत नाही.

आसावरी नागपूरची सिव्हिल इंजिनियर. तिकडे पुलांच्या साइटवर भल्याभल्या मुकादमांना फैलावर घ्यायची म्हणे. राजसशी लग्न करून इकडे आली ती डिपेंडंट व्हिसावर. नवऱ्यानं कमवायचं, बायकोनं नोकरी करायची नाही, असा कायदा. ग्रीन कार्डाची फाइल कुठे अडकली होती देव जाणे. लेक इशिता शाळेत जायला लागली, मोठी झाली, आणि ही बाई आपली पोळ्या लाटतेय, गराज आवरतेय. एकदा चहा पिता पिता मला म्हणाली, ‘‘ताई, आता मला कुणी इंजिनियर म्हटलं तर खोटं वाटतं हो. सगळं विसरले असेन तर?’’ मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. फार वाईट वाटलं.

इशिताला शाळेबरोबर डोंगरावर जाऊन फळीवर उभं राहून बर्फावरून घसरण्याचा, स्नोबोर्डिंगचा, नाद लागला होता. तिला घरी रॅम्प हवा होता. राजस म्हणाला, ऑर्डर करू. आसावरी म्हणाली, मी बांधते.

मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण छे. पानगळीत ही रोज अंगणात. खड्डे खणले, काँक्रीट ओतलं, खांब रोवले. दोऱ्याला वजन लावून प्रत्येक खांब सरळ आहे का ते बघितलं, आणि एक जरासा कलला तर उपटून पुन्हा रोवला. घरामागच्या लाकडी ओट्याच्या, म्हणजे डेकच्या, उंचीपासून खाली उतरत जाणाऱ्या जाडजूड तुळया, त्यावर प्लायवूड, बर्फ धरून राहावा म्हणून वर गोणपाट, आणि टोकाला उडी घ्यायला छोटासा चढ. ‘‘यावरून हत्ती नेणार आहेस का?’’ मी छेडलं. तिनं ऐकलंच नाही. कानामागे पेन्सिल, नजर लाकडावर. इतकी वर्षं शेजारी राहून मी या बाईला ओळखतच नव्हते. त्या दिवसापासून मी तिची थट्टा केली नाही.

मग २००८चा डिसेंबर आला आणि असा बर्फ पडला की शाळा बंद, ऑफिसं बंद, रस्त्यावर गाड्या दिसेनात. दुपारी मी त्यांच्याकडे गेले. इशिता हेल्मेट घालून डेकवर तयार होती. आणि ऐन वेळी राजस आडवा आला.

‘‘रिस्क नको यार, आसावरी. किती वर्षं झाली तुला साइट सोडून. हे मोडलं तर पोरीचं काय होईल? मालिनीताई, तुम्ही तरी सांगा हिला.’’

खरं सांगते, मलाही तीच धास्ती होती. आसावरीचा चेहरा पडला. आता ही भांडणार असं मला वाटलं. पण ती गुडघ्यांवर बसली, सरपटत रॅम्पखाली शिरली आणि बरोबर मधोमध उताणी झोपली.

‘‘हे काय चाललंय?’’ राजस म्हणाला.

‘‘आमच्या साइटवर असंच असायचं,’’ खालून आवाज आला. ‘‘नव्या पुलावरून पहिला ट्रक जाताना बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं. इशू, ये तू.’’

माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातसुद्धा मी इतकी मनापासून कधी उभी राहिले नसेन.

इशिता सुटली. बर्फावर बोर्ड खरखरला, पोरगी चढावरून उडाली, क्षणभर हवेत होती, मग टेकली आणि घसरत पार कुंपणापर्यंत गेली. रॅम्प जागचा हलला नाही. कुठे साधी कुरकुर नाही. माझ्या जिवात जीव आला.

‘‘आई, डिड यू सी मी?’’ इशिता धापा टाकत परत आली.

‘‘नाही गं, मी जॉइंट बघत होते.’’ आसावरी खालूनच म्हणाली. ‘‘एकही हलला नाही. जा, पुन्हा एकदा जा.’’

ती काही बाहेर यायला तयार नव्हती. राजसनं वाकून तिच्याकडे बघितलं. मग त्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि सरपटत आत गेला.

‘‘सरक जरा,’’ तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी बर्फात उताणा झोपला.