तळव्याने ऐकणारा

केनवडला चुलतभावाच्या वरातीत तो मला एकदाच भेटला. बँडच्या गाडीवर तो जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवत होता, कानामागे स्क्रू ड्रायव्हर खोचून. उन्हात तापून ऑर्गनचे सूर क्लॅरिनेटपासून सुटले आणि कानाला टोचू लागले. नवरदेवाचे मामा ओरडले, "बंद कर बे ते. नुसता ढोल वाजू दे."

त्याला ऐकूच गेलं नाही. आयुष्यभर स्पीकरशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. मामांचे हातवारे पाहून मात्र तो समजला. "थांबा जरासे," म्हणत त्याने झाकण उघडलं. क्लॅरिनेटवाल्याने माइकवर सूर धरला. याने ऑर्गनवर तीच पट्टी काडी खोचून दाबून ठेवली, डावा तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला आणि उजव्या हाताने आतला बारीक स्क्रू फिरवू लागला. मीही हात ठेवून पाहिला. दोन सुरांच्या ओढाताणीत लाकूड धडधडत होतं. धडधड मंदावत गेली आणि थांबली; सूर जुळले होते.

"जुयलं," तो म्हणाला.

"इतक्या साऱ्या पट्ट्या कवा जुयवसान?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"वरच्या बाराच जुयवाच्या. खालच्या त्यायच्या लेकी हायेत. माय सुरात आली का मांगून येतातच."

खरंच, ऑर्गन ते बाराच सूर स्वतः घडवतो. खालचे सगळे त्यांचीच कंपनं निम्मी करत निघतात.

बाराही सूर जुळवून झाल्यावर त्याने असं वाजवलं की मामाच फेटा सोडून गाडीपुढे नाचू लागले. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. तो एका हाताने वाजवत होता. दुसरा तळवा खोक्यावरून उचलत नव्हता. सगळी वरात त्याला तिथूनच ऐकू येत होती.