टेप चालू आहे, हसू नका

किस्से कोणी मुद्दाम आणून देत नाही. ते पोत्याच्या तळाशी येतात. वर फुटका मिक्सर असतो, त्याखाली रेडिओचं खोकं, त्याखाली छत्रीचा दांडा, आणि पोतं उलटं करून झटकलं की शेवटी किस्सा पडतो. रायपूरच्या गुढियारीत माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. इतकी वर्षं पोती झटकली, तर दुकानात सामानापेक्षा किस्सेच जास्त झाले. सामान निदान विकलं तरी जातं!

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि बोलतो हळू. माझं एक वाक्य संपेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत येतं, असं माझी बायको म्हणते. तेव्हा तुम्हीही निवांत बसा.

रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकाएकी जागा पुरेना. शंकर नगरात साहेब लोक आले, समता कॉलोनीत जुनी घरं पाडून दवाखाने उभे राहिले. घर पाडायचं म्हटलं की आधी माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरून निघायच्या कॅसेटी. व्हिडिओच्या जाड्या, गाण्यांच्या बारक्या. त्यांत काय भरलेलं? एका जमान्यात टीव्हीवर आठवड्यातून एकदा, अर्धा तास लागायच्या त्या हसण्याच्या मालिका. त्यांची नावं आता त्यांत काम केलेल्यांनाही आठवत नसतील.

हे मी उगाच म्हणत नाही. त्यांच्यातला एक जण रोज माझ्या दुकानात बसतो.

*

दिगंबरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांचा बाप आणि माझा बाप एकाच काळात गोंदियाकडून इकडे आले, म्हणून आमचं लहानपणापासून अरेतुरे. तरुणपणी ते एकदा सुट्टी काढून मुंबईला गेले होते. तिथं त्यांचा मावसभाऊ मालिकांसाठी खोट्या भिंती आणि खोटे दरवाजे ठोकायचा. त्या दिवशी गॅसवाल्याचं काम करणारा माणूस आलाच नाही. मावसभावाच्या बाजूला हे उभे. कोणीतरी म्हणालं, "इसको पहना दो वर्दी."

काम एवढंच. घरात सगळे कडाकडा भांडताहेत, गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन दारात येतो, कोणी सहीच करत नाही. मग तो म्हणतो, "बहनजी, इस घर में कोई समझदार आदमी है क्या?"

बस. एक वाक्य!

ज्या संध्याकाळी ते टीव्हीवर लागणार होतं, त्या संध्याकाळी आमचा सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, एका घरात जमला. दिगंबररावांची बायको शांताबाई लग्नातला शालू नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मालिका सुरू झाली, घरातले भांडू लागले, दाराची घंटी वाजली... आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा नावाच्या पाट्या वर सरकत होत्या. त्यांतही दिगंबररावांचं नाव नव्हतं.

शांताबाई शालू सावरत उठल्या अन् म्हणाल्या, "चला, भात करपून राहिला असंल."

*

तेव्हापासून पाऱ्यात त्यांचं नाव पडलं 'ॲक्टर साहेब'. कोणाचाच विश्वास नाही. पण ते वाक्य त्यांनी सोडलं नाही. रेशनच्या दुकानात गर्दी झाली की खाकरून म्हणणार, "इस घर में कोई समझदार आदमी है क्या?" बँकेत म्हणणार, पोस्टात म्हणणार. वाक्याच्या आधी ते नेहमी दोनदा खाकरतात, एकदा बारीक, एकदा मोठं. स्वतःच्या घरी म्हटलं की शांताबाई आतून उत्तर देतात, "आहे ना, मी आहे. पण तुमच्याशी लग्न केलं म्हणून कोणी मानत नाही!"

माझ्याकडे कॅसेटींची पोती यायला लागली तसे दिगंबरराव दुकानात ठाण मांडून बसले. म्हणाले, "नाना, कुठं ना कुठं कोणीतरी ते उतरवून ठेवलंच असंल. सारा देश काही अंधारात नव्हता."

मी म्हटलं, "मालिकेचं नाव सांग, तशी शोधू."

बराच वेळ विचार करून म्हणाले, "नावात 'घर' होतं."

आता तुम्हीच सांगा, त्या काळी कोणत्या हसण्याच्या मालिकेच्या नावात घर नव्हतं?

*

शोधायचं म्हणजे कॅसेट लावून पाहायची. पण माळ्यावर राहून निम्म्या कॅसेटींना बुरशी लागलेली. बुरशी लागली की ऊन दाखवायचं, हे मला डाळीवरून माहीत होतं. माझ्या बायकोनं छतावर खाटेवर बिजौरी वाळत घातली होती. तिळाची बिजौरी, जेवणात तळून खातो ती. मी तिच्याच बाजूला कॅसेटी मांडल्या. दुपारी बायकोनं बिजौरी उलटली, मी कॅसेटी उलटल्या. दोघांनी आपापलं काम नीट केलं.

डाळीचं शास्त्र कॅसेटीला लागत नाही, हे नंतर कळलं. एक कॅसेट शेजारचे गुप्ताजी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आणली. त्यातला नवरा, बायको, सासरा, पोस्टमन सगळे जड जिभेनं, लांबवून लांबवून बोलत होते.

गुप्ताजी म्हणाले, "नानाजी, इसमें क्या सब लोग पीकर एक्टिंग किए हैं?" मग कॅसेट नाकाशी नेऊन म्हणाले, "और चखने की खुशबू भी आ रही है!"

*

तेव्हा कोरी कॅसेट महाग असायची, म्हणून लोक एकीवरच पुन्हा पुन्हा उतरवायचे. शंकर नगरातलं एक जोडपं दुकानात आलं. त्यांच्या नोकरानं पोत्यात चुकून लग्नाची कॅसेट घातली होती. मी शोधून काढली, खात्री करायला म्हणून लावली. मंडप, हार, फेरे. बाईंचे डोळे भरून आले. चौथा फेरा संपला, आणि एकदम पडद्यावर एक जाडा माणूस लुंगी धरून बायकोपुढे पळू लागला! पुढे अर्धा तास तोच.

साहेबांनी मान खाली घातली. उतरवणारे तेच होते.

बाईंनी डोळे पुसले. मग पदर सावरून म्हणाल्या, "चार ही हुए हैं जी। आज से जो बोलेंगे, सोच के बोलेंगे!"

*

आपली मालिका कोणी पुसू नये म्हणून हुशार लोक कॅसेटीवर खोटी चिठ्ठी लावायचे. 'भजन, हात लावू नये.' मला हे माहीत नव्हतं. आमच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या मुख्य काकू आल्या आणि भजनाच्या म्हणून तशा दोन कॅसेटी घेऊन गेल्या. शनिवारी मंडळ बसलं. उदबत्ती लावली, टीव्हीला हार घातला, कॅसेट लावली. सुरू झालं घरजावयाचं आणि सासऱ्याचं भांडण.

मी घाबरलो. सोमवारी काकू दुकानात आल्या, चेहरा गंभीर. मी हात जोडून उभा राहिलो. काकू इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "नाना, त्या जावयाचं पुढं काय होते? तिसरं भजन आहे का?"

*

ज्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता ते काय करायचे? आमच्यासारखे लोक टीव्हीसमोर स्टूल ठेवायचे, स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि नुसता आवाज भरून घ्यायचे. मग आठवडाभर स्वयंपाक करताना तेच ऐकायचं. अट एकच, घरातल्यांनी आवाज करायचा नाही. मालिका हसण्याची, आणि हसायला बंदी!

अशी एक बारकी कॅसेट माझ्याकडे आली. सुरुवातीलाच घरातल्या बापाचा दमदार आवाज, "टेप चालू आहे, हसू नका. जो हसंल तो बाहेर." मग मालिका. पोरं दाबून दाबून फुसफुसताहेत, बाप "शूः" करतोय. थोड्या वेळानं मालिकेत काहीतरी होतं आणि एक माणूस असा खदखदून हसतो की पुढचं काहीच ऐकू येत नाही. मग दार उघडल्याचा आवाज. आणि एका पोरीचा बारीक आवाज, "बाबा, चप्पल घालून जा, बाहेर चिखल आहे."

*

आता दिगंबररावांकडे परत येतो.

शांतावहिनींना काचबिंदू निघाला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थोडी रोखून धरता येईल. दिगंबररावांनी तिथंही खाकरून आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच.

त्यानंतर ते दुकान उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसू लागले. "नाना, तिले दिसते तोवर सापडलं पाहिजे." एवढंच म्हणायचे. आम्ही दोघं दिवसभर कॅसेटी पाहायचो. दुनियेतले सगळे सासरे, सगळे भाडेकरू, सगळे विसरभोळे नवरे आम्ही पाहून काढले. दुकानात टीव्हीवर एवढा हशा, आणि पाहणारे दोन म्हातारे गप्प.

एका दुपारी सापडलं! भांडणारं घर, दाराची घंटी, आणि खांद्यावर सिलेंडर घेतलेला गॅसवाला, तोंड अजून सिलेंडरमागे. कॅसेट तिथंच थांबवली. दिगंबरराव धावत जाऊन वहिनींना घेऊन आले. आल्यावर मी सुरू केली. वहिनी टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या, काचेला नाक लागेल इतक्या. तोवर त्यांना माणसाची नुसती सावली दिसायची.

"हे तुम्हीच नं?" त्या म्हणाल्या. "हव, तुम्हीच आहा. खांदा तुमचाच आहे. चांगलं करून राहिले."

मी दिगंबररावांकडे पाहिलं. पडद्यावर दुसराच कोणी होता, मिशीवाला. 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी तर डोळ्यांनी खुणावत होतो.

दिगंबरराव दोनदा खाकरले. म्हणाले, "नाही शांते, तो दुसरा आहे. त्यानं भरलेला सिलेंडर उचलला आहे. मले तर रिकामा दिला होता, तोही दोघांनी धरून खांद्यावर ठेवला."

वहिनी म्हणाल्या, "मंग बरोबर. तुम्ही नसान."

पावसाळा संपेपर्यंत सावल्याही गेल्या. दिगंबररावांनी कॅसेटी पाहायचं सोडलं. दुकानात यायचे, टीव्हीकडे पाठ करून बसायचे.

*

फिरंतीन बाई हातगाडी घेऊन घरोघरचं भंगार गोळा करते. छत्तीसगढी बोलते, आणि माझ्यापेक्षा पाचपट वेगानं. पोत्यातल्या बारक्या कॅसेटी ती आधी आपल्या घरी नेते, गाणी निघाली तर ठेवून घेते, बाकीच्या मला आणून देते.

एक दिवस ती हातगाडी रस्त्यातच सोडून धावत आली. हातात एक बारकी कॅसेट, वर चिठ्ठी नाही, काही नाही.

"नाना, ए नाना! तुंहर ॲक्टर साहेब एमा गोठियावत हे!"

म्हणजे, तुमचे ॲक्टर साहेब यात बोलताहेत. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"खाँसी ले चिन्ह डारेंव!" खोकल्यावरून ओळखलं म्हणे. रोज तर ऐकते बिचारी.

दिगंबरराव उठले. टेपरेकॉर्डर उचलला आणि चालू लागले. मी मागे, माझ्या मागे फिरंतीन.

घरी वहिनी पलंगावर बसून मटार सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला केलं, म्हणाल्या, "थांबा जरा, भाऊजी." आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. शालू नेसून आल्या होत्या. पेटीतून हातानं जरीचा काठ चाचपून काढला असेल. एका बाजूनं थोडा वर गेला होता.

मी टेप तिपाईवर ठेवली आणि बटन दाबलं.

कोणाचं घर होतं कोण जाणे. कुकरची शिटी झाली, एक लेकरू रडलं, कोणी बाई म्हणाली, "चुप, टेप चालू है!" मालिकेतलं घर भांडू लागलं. दाराची घंटी वाजली. आम्ही तिघांनी वर बल्बकडे पाहिलं, वहिनींनीही मान वर केली. बल्ब चालू होता.

मग खाकरणं. एक बारीक, एक मोठं.

"बहनजी, इस घर में कोई समझदार आदमी है क्या?"

आणि ते अनोळखी घर फुटलंच! बाया, पोरं, कोणी म्हातारा, सगळे. हसणं थांबेचना. कोणी जमिनीवर हात आपटत होतं. 'चुप' म्हणणारी बाई तर सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. मालिकेतलं पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

"मागे घ्या," वहिनी म्हणाल्या. मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. "पुन्हा घ्या." पुन्हा घेतलं. दिगंबरराव दाराशी उभे होते, खांदा थोडा वाकवून, वर सिलेंडर असल्यासारखे.

टेप थांबली. दाराशी दिगंबरराव खाकरले, तशा वहिनी त्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसल्या. मग जरा रागानंच म्हणाल्या,

"एवढे लोक हसले तुमच्या बोलण्यावर! अन् मले एका शब्दानं कधी सांगितलं काहून नाही?"